बिंदू आणि सांधा

२६ फेब्रुवारी २०२४ रोजी अंधेरीच्या गोपाळ कृष्ण गोखले पुलाची एक बाजू वाहतुकीला खुली झाली आणि उपनगराला एक नवा विनोद मिळाला. रुळांवरून जाणारा पोलादी भाग नवा आणि भक्कम होता. परंतु पश्चिमेला जुहूकडे जाणारा बर्फीवाला उड्डाणपूल ज्या ठिकाणी त्याला येऊन मिळायचा, तेथे दोघांच्या पातळीत सुमारे दीड मीटरचे अंतर पडलेले होते. रेल्वेवरील पुलाच्या उंचीचे निकष मधल्या काळात बदलले, नवा पूल वर गेला आणि जुना होता तेथेच राहिला. पुढे व्हीजेटीआय आणि आयआयटी या संस्थांच्या सल्ल्याने बर्फीवाला पुलाचा तो भाग एका बाजूने १,३९७ मिलिमीटर आणि दुसऱ्या बाजूने ६५० मिलिमीटर जॅकने उचलण्यात आला, आणि जुलै २०२४मध्ये दोन पूल एकमेकांना भेटले. हा सांधा दोन आराखड्यांमधला, दोन कार्यालयांमधला होता. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र त्याहून लहान, मुठीत मावेल एवढा सांधा आहे. तुळई खांबाला जेथे भेटते तेथील प्लेट, बोल्ट, वेल्ड. आणि या भेटीचा हिशेब गेल्या शंभर वर्षांत कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला, हा त्याचा इतिहास.

पोलादी बांधकामाचा इतिहास सहसा लांबी-उंचीच्या भाषेत सांगितला जातो. अमुक पुलाचा गाळा किती मीटरचा, अमुक मनोरा किती उंच. सांध्यांची गणती क्वचितच होते, आणि झालीच तर नवलाची संख्या म्हणून होते. आयफेल मनोऱ्यात (१८८९) सुमारे २५ लाख रिव्हेट आहेत, हे वाक्य सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत असते. त्या प्रत्येक रिव्हेटमागे काय घडले, हे नसते.

मराठीला हा विषय परका वाटू नये. 'सांधा' हा शब्द आपण शरीराला लावतो, दाराच्या चौकटीला लावतो आणि रेल्वेने आपल्याला रुळांचे सांधे व ते बदलणारा सांधेवाला दिला. याच घराण्यातला 'संधी' आम्ही व्याकरणाच्या तासाला शिकवतो. 'सत्' आणि 'जन' एकत्र आले की 'सज्जन' होतो. जोडताना 'त्'ला आपले रूप सोडावे लागते. पोलादातही असेच असते. तुळई जोडायची तर तिला भोके पाडावी लागतात आणि भोके पाडली की तेवढ्या जागी तिचे पोलाद कमी होते. तुळईचे सर्वांत दुबळे ठिकाण अनेकदा तिच्या जोडाचेच असते, ते यामुळे. वैयाकरणांनी संधीला स्वतंत्र प्रकरण दिले. अभियंत्यांच्या हिशेबात सांध्याला तेवढा मान मिळायला बराच वेळ लागला.

रिव्हेटच्या काळात सांधा हा एका टोळीचा व्यवहार होता. एक जण लहान भट्टीत रिव्हेट लालभडक करी, चिमट्याने उचलून वर फेकी. दुसरा तो डब्यात झेलून भोकात बसवी. तिसरा एका बाजूने जड ठोकळा लावून धरी आणि चौथा दुसऱ्या बाजूने हातोडा मारून त्याचे डोके घडवी. थंड होताना रिव्हेट आकसे आणि दोन प्लेटा एकमेकींवर आवळल्या जात. रिव्हेट नीट बसला की नाही, हे पारखणारा माणूस लहान हातोडीने टकटक करून आवाजावरून ठरवी. आखणी अभियंत्याची असली तरी सांध्याची अखेरची ग्वाही अशी एका कानाने दिलेली असे. १९४३मध्ये खुला झालेला कोलकात्याचा हावडा पूल याच तंत्राने उभा राहिला. आपल्या उपनगरी स्थानकांवरील जुन्या पादचारी पुलांच्या गर्डरवर अर्धगोल डोक्यांच्या ज्या रांगा दिसत, त्याही याच टोळ्यांच्या. त्या डोक्यांवर रंगाचे थर चढत गेले आणि धावपळीत हात टेकवणाऱ्यांना ती नक्षी वाटू लागली.

स्वातंत्र्यानंतर पोलाद दुर्मीळ आणि महाग होते, त्यामुळे ते किती वापरावे याला राष्ट्रीय महत्त्व आले. भारतीय मानक संस्थेने पोलादी बांधकामाची संहिता, आयएस ८००, प्रथम १९५६मध्ये काढली. तिच्या सुधारित आवृत्त्या १९६२, १९८४ आणि २००७मध्ये आल्या. संहिता हा वाङ्मयप्रकार आम्हाला अभ्यासनीय वाटतो. त्यात कर्ता नाही, काळ नाही, विशेषणे जवळजवळ नाहीत. तरी लक्षपूर्वक वाचले तर कारखान्यातला आणि बांधकामावरचा माणूस त्यात उभा असलेला दिसतो. २००७च्या आवृत्तीचे दहावे प्रकरण सांध्यांविषयी आहे. त्यातला एक नियम असा, की भोकाचा मध्य प्लेटच्या कडेपासून किती दूर हवा हे ती कड कशी कापली यावर ठरते. कड यंत्राच्या ज्योतीने नितळ कापलेली असेल तर भोकाच्या व्यासाच्या दीडपट अंतर पुरते. हाताने धरलेल्या ज्योतीने किंवा कातरीने कापलेली असेल तर १.७ पट लागते. हात किंचित थरथरणार, हे संहितेने आकड्यात धरले आहे.

वेल्डिंगचेही तसेच. कारखान्यात केलेल्या वेल्डची हिशेबी ताकद १.२५ने भागायची आणि बांधकामाच्या जागेवर केलेल्या वेल्डची १.५०ने. काम तेच, कारागीरही कदाचित तोच. पण एकदा तो छपराखाली टेबलाशी उभा आहे आणि एकदा उंचावर, वाऱ्यात, मान वाकडी करून. या दोन आकड्यांमध्ये श्रमाच्या परिस्थितीचे जेवढे वर्णन आहे तेवढे अनेक वास्तववादी कथांत नसते, असे आमचे मत आहे. अतिशयोक्ती वाटल्यास वाचकांनी ती आमच्या पेशाच्या खाती टाकावी.

आता संगणकाकडे. त्याच्या आधी एक मुक्काम घ्यायला हवा. १९३०मध्ये हार्डी क्रॉस या अमेरिकी प्राध्यापकाने चौकटींच्या विश्लेषणाची एक पद्धत प्रसिद्ध केली आणि पुढची तीन-चार दशके जगभरचे अभियंते तीच शिकले. पद्धत साधी आहे. चौकटीतले सगळे सांधे आधी कुलूपबंद आहेत असे मानायचे. मग एक सांधा सोडायचा. त्याच्यावरचा असमतोल त्याला मिळणाऱ्या तुळया आणि खांब यांच्यात वाटून द्यायचा, प्रत्येकाच्या दूरच्या टोकाला त्याचा वाटा पाठवायचा, पुन्हा कुलूप लावून पुढच्या सांध्याकडे जायचे. असे फेरे घेत राहिले की असमतोल कमी कमी होत जातो. येथेही सांधा कागदावरचा बिंदूच होता, प्लेट-बोल्टांचा त्यात पत्ता नव्हता. पण हिशेब करणारा माणूस प्रत्येक सांध्यापाशी प्रत्यक्ष थांबत असे, एकदा नव्हे, अनेकदा. दहा मजली इमारतीचा हिशेब संपेपर्यंत तिचा प्रत्येक कोपरा त्याच्या ओळखीचा झालेला असे.

ही ओळख संगणकाने अनावश्यक केली. १९६४मध्ये अमेरिकेतील एमआयटीत स्टीव्हन फेन्व्हज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'स्ट्रेस' नावाची प्रणाली प्रसिद्ध केली. अभियंत्याने नेहमीच्या शब्दांत चौकटीचे वर्णन लिहायचे आणि यंत्राने बले काढून द्यायची. १९७०मध्ये बर्कलेच्या एडवर्ड विल्सन यांची 'सॅप' आली. अमेरिकेत स्थायिक झालेले अमृत दास यांनी १९७८मध्ये स्थापन केलेल्या कंपनीची 'स्टॅड' ही प्रणाली भारतात इतकी रुजली, की आपल्या सल्लागार कार्यालयांत ते जवळजवळ सामान्यनाम झाले. २००५मध्ये ती बेंटले सिस्टीम्सकडे गेली, तरी नाव टिकले.

या सर्व प्रणालींच्या पोटात एकच चित्र असते. तुळई म्हणजे रेघ. रेघा जेथे मिळतात तो बिंदू. त्या बिंदूला लांबी नाही, रुंदी नाही, वजन नाही. अभियंता त्याच्याविषयी फार तर एवढे सांगतो, की येथे तुळई मोकळी वळू शकेल की खांबाशी घट्ट जखडलेली असेल. प्रत्यक्षातले बहुतेक सांधे या दोहोंच्या मधले असतात. पूर्ण मोकळे नसतात आणि पूर्ण जखडलेलेही नसतात. २० मिलिमीटरच्या बोल्टला २२ मिलिमीटरचे भोक असते, आणि त्या दोन मिलिमीटरांत सांधा थोडा सरकतो. दोन सदस्यांच्या मध्यरेषा कागदावर एका बिंदूत मिळतात, पण प्लेटवर चार-सहा सेंटिमीटर इकडेतिकडे होतात आणि त्या फरकाने सांध्यात एक अनाहूत पीळ येतो. बिंदूला यातले काही कळत नाही. रेघेचा हिशेब झाला की पडद्यावर सगळे हिरवे होते आणि सांध्याचे काम 'नंतरचे' म्हणून खालच्या टेबलाकडे सरकते. ते कधी आरेखकाकडे जाते, कधी कारखान्याच्या अभियंत्याकडे, कधी मागील प्रकल्पाच्या नकाशाकडे.

'नंतरचे' या शब्दाची किंमत १७ जुलै १९८१ रोजी अमेरिकेतील कॅन्सस सिटीत मोजली गेली. हयात रीजन्सी हॉटेलच्या दालनात छतापासून टांगलेले दोन पादचारी सज्जे होते, एकाखाली एक. मूळ कल्पनेत एकच लांब सळई छतातून निघून वरच्या सज्ज्यातून पार होत खालच्यापर्यंत जाणार होती. जोडणी सोपी व्हावी म्हणून एका सळईच्या दोन करण्यात आल्या. खालचा सज्जा छताऐवजी वरच्या सज्ज्याच्या तुळईला टांगला गेला. नकाशात हा बदल किरकोळ दिसतो. परंतु वरच्या तुळईखालच्या नटवर आता एका ऐवजी दोन सज्ज्यांचा भार आला. त्या संध्याकाळी सांधा तुटला आणि ११४ माणसे मेली. मूळचा सांधाही नियमाने आवश्यक असलेल्या भाराला पुरेसा नव्हता, हे चौकशीत निघाले. बदल कारखान्याने सुचवला, अभियंत्यांच्या कार्यालयाचा शिक्का त्यावर पडला आणि सांध्याचा हिशेब कोणीच केला नाही. प्रत्येकाला तो दुसऱ्याने केला आहे असे वाटले. अभियंत्यांचे परवाने गेले.

दुसरा प्रसंग १ ऑगस्ट २००७चा, मिनिआपोलिसच्या मिसिसिपी नदीवरील महामार्ग-पुलाचा. पूल १९६७पासून वापरात होता. त्याच्या कैचीतले सदस्य जेथे मिळत तेथील गसेट प्लेटा अर्ध्या इंचाच्या होत्या. हव्या होत्या सुमारे एक इंचाच्या. चूक आरेखनाच्या वेळचीच होती. चाळीस वर्षांत पुलाची भारक्षमता पुन्हा तपासली गेली, पण अशा तपासणीत रेघा मोजण्याची प्रथा होती, सांध्यातल्या प्लेटा मोजण्याची नव्हती. दुरुस्तीच्या सामानाचा भार पुलावर असताना तो कोसळला. १३ जण मेले, १४५ जखमी झाले. आपली आयएस ८०० त्याच वर्षी नव्या, मर्यादा-अवस्था पद्धतीच्या रूपात आली, हा निव्वळ योगायोग. पण भारतीय अभियंत्याला सांध्याचे जुने तक्ते बाजूला ठेवून नव्याने शिकावे लागले ते याच सुमारास.

विश्लेषण-प्रणालींनी सांध्याला आत घ्यायला दरम्यान सुरुवात केली होती. रेघांच्या टोकांशी आलेली बले थेट उचलून बोल्टांची संख्या आणि प्लेटची जाडी सांगणारी साधने त्यांना जोडली गेली. सोय मोठी होती, पण अडचणी दोन होत्या. परवान्यांची किंमत लहान कार्यालयांना आणि महाविद्यालयांना जड होती. दुसरी अडचण आम्हाला अधिक गंभीर वाटते. उत्तर येई, पण ते का आले हे दिसतच असे असे नाही. 'नंतरचे' काम आता खालच्या टेबलावरून पेटीत गेले होते.

याच ठिकाणी पवई इतिहासात येते. एका बाजूला अंधेरी, दुसऱ्या बाजूला घाटकोपर-मुलुंड, मध्ये तलाव आणि तलावाकाठी १९५८मध्ये सोव्हिएत साहाय्याने सुरू झालेली आयआयटी. तेथे केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याच्या निधीवर चालणारा 'फॉसी' हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प आहे. त्यातून, प्राध्यापक सिद्धार्थ घोष यांच्या नेतृत्वाखाली, 'ऑस्डॅग' तयार झाले. 'ओपन स्टील डिझाइन अँड ग्राफिक्स' या नावाचे ते संक्षिप्त रूप. आयएस ८०० : २००७नुसार पोलादी बांधकामाचे आरेखन करणारे हे सॉफ्टवेअर पायथन भाषेत लिहिलेले आहे, विनामूल्य आहे आणि त्याची संहिता कोणालाही उघडून वाचता येते. देशभरातील महाविद्यालयांतून आलेल्या प्रशिक्षणार्थी विद्यार्थ्यांचा हात त्याला लागलेला आहे. इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की त्याची सुरुवात रेघेपासून झाली नाही, सांध्यापासून झाली. संपूर्ण चौकटीचे विश्लेषण दुसरीकडे करून बले घेऊन यायची आणि येथे एका सांध्यापाशी थांबायचे, असा त्याचा मूळ रिवाज. हार्डी क्रॉसच्या विद्यार्थ्याला तो ओळखीचा वाटला असता.

एक उदाहरण घेऊ. 'फिन प्लेट' हा अगदी साधा सांधा आहे. खांबाला एक उभी पट्टी वेल्ड करायची आणि तुळईचा उभा पट तिला बोल्टने जोडायचा. आपण तुळई, खांब, पोलादाची प्रत आणि बल भरतो. बोल्टचे व्यास आणि पट्टीच्या जाड्या सुचवतो. सॉफ्टवेअर एकेक प्रश्न विचारत जाते. बोल्ट कातरले जातील का? बोल्ट टिकले तरी त्यांच्या दाबाने भोके लांबट होतील का? पट्टी स्वतः फाटेल का? बोल्टच्या रांगेभोवतीचा तुकडा टपालाच्या तिकिटासारखा भोकांच्या रेषेवरून सुटून येईल का? बोल्टची रांग खांबापासून थोडी दूर असल्याने येणारा पीळ वेल्डला पेलेल का? शेवटी सांध्याचे त्रिमितीय चित्र आणि एक अहवाल मिळतो. त्यात प्रत्येक तपासणीचे सूत्र, त्यात घातलेले आकडे, संहितेतील कलमाचा क्रमांक आणि उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा शेरा असतो. विद्यार्थ्याला पदपथावरच्या मार्गदर्शिकेसारखा तो पाठ करता येईल, हा धोका आहेच. पण त्याला शिक्षकाशी भांडताही येईल, कारण भांडणासाठी लागणारी प्रत्येक पायरी समोर लिहिलेली आहे. टीकाग्रंथाची जी रीत आपल्याकडे होती, मूळ सूत्र द्यायचे, अर्थ द्यायचा, लागू करून दाखवायचे, तिच्याशी या अहवालाचे नाते आहे. हा अहवाल इंग्रजीत आहे, याची खंत आम्ही नोंदवतो. मराठीतून स्थापत्य शिकवण्याची भाषा जे करतात त्यांनी अशा मुक्त संहितेपासून सुरुवात केली तर त्यांना कोणाची परवानगी घ्यावी लागणार नाही.

पवईपासून अंधेरी स्थानक काही किलोमीटरवर आहे. ३ जुलै २०१८च्या सकाळी, पाऊस चालू असताना, गोखले पुलाच्या बाजूला काढलेला पादचारी मार्ग रुळांवर कोसळला. एका मोटरमनने प्रसंगावधान राखून लोकल थांबवली म्हणून अनर्थ आवरला. तरी दोघांचा जीव गेला. पूल १९७५चा. पूल महापालिकेचा, रुळांवरचा भाग रेल्वेच्या हद्दीतला. देखभालीचे पैसे कोणी कोणाला दिले आणि काम कोणी करायचे होते यावर दोन्हीकडून निवेदने निघाली. कॅन्सस सिटीची आठवण व्हावी असा हा प्रकार. गंजलेले लोखंड आणि केबल, पेव्हर ब्लॉक यांचा वर्षानुवर्षे चढत गेलेला भार यांवर चौकशीत बोट ठेवण्यात आले. पुढे ७ नोव्हेंबर २०२२पासून पूल बंद झाला, पाडला गेला; नवे गर्डर हरयाणातील अंबाल्याहून सुटे आले, जागेवर जोडले गेले आणि रुळांवर सरकवले गेले; आणि मे २०२५मध्ये पूल पूर्ण खुला झाला.

ऑस्डॅगमध्ये आरेखनाच्या पसंती नोंदवण्याची एक खिडकी आहे. कडा हाताने कापलेल्या की यंत्राने, वेल्ड कारखान्यातला की जागेवरचा, हे वर सांगितलेले प्रश्न तेथे येतात. त्यांच्याबरोबर आणखी एक असतो. सदस्य गंजकारक वातावरणात आहेत का? उत्तर 'होय' किंवा 'नाही' असे द्यायचे. 'होय' म्हटले तर संहितेप्रमाणे प्लेटच्या कडेपासून बोल्टचे कमाल अंतर घटते. साध्या पोलादाच्या १० मिलिमीटर जाडीच्या प्लेटला १२० मिलिमीटरऐवजी ८०, म्हणजे कडा एकमेकींना अधिक घट्ट धरून राहाव्यात आणि मधल्या फटीत पाणी शिरू नये. अंधेरीसाठी या प्रश्नाचे उत्तर कोणालाही देता येईल. पुढच्या चाळीस पावसाळ्यांत त्या सांध्यावर कोण किती केबल टाकील आणि तो रंगवायला शिडी कोण लावील, हे भरायला मात्र त्या खिडकीत रकाना नाही.